शिंप्याच्या वाट्याचे भाग

घड्याळजींनी पेनाचं टोपण दातांत धरलं आणि अभिप्रायाच्या वहीत लिहिलं : ‘पान एकशे बारावर या ग्रहाला दोन चंद्र आहेत. पान एकशे चाळीसवर एकच उरतो. मधल्या अठ्ठावीस पानांत दुसरा कुठे गेला, हे लेखकाने सांगायला हवे होते. परग्रहवासी मात्र पटले. कंटाळा आला की तेही आपल्यासारखेच छताकडे बघतात.’

खाली सही केली, तारीख घातली, आणि सवयीनं वेळही घातली. दहा वाजून सात मिनिटं.

त्या वाचनालयाचा एक जुना नियम होता. पुस्तक परत करायचं तर आधी वहीत अभिप्राय लिहायचा, मगच परतीचा शिक्का. नियम करणारा इतका कडक होता म्हणतात, की एकदा वाळवीनं अख्खं कपाट खाल्लं तर त्यानं आधी विचारलं, वाळवीनं वहीत काही लिहिलंय का. अभिप्राय किती लांब असावा हे मात्र तो सांगायला विसरला होता. त्यामुळे कोणी दोन पानं भरायचं, कोणी एका शब्दात सुटायचं.

ग्रंथपाल बाईंनी शिक्का मारला, पुस्तक बाजूला ठेवलं आणि टेबलावर नसलेली धूळ झटकली.

“मास्तरांकडे एक पुस्तक राहिलंय,” त्या म्हणाल्या. “गलबताचा सहावा भाग.”

घड्याळजी चष्मा पुसत राहिले.

“ते जाऊन तीन आठवडे झाले. वहिनींकडे मागायला जायला मला धीर होत नाही. तुम्ही मित्र त्यांचे.”

“होतो,” घड्याळजी म्हणाले.

आता हे मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. कपडे शिवणारे मास्तर. आणि त्यांची मैत्री याच वाचनालयात, याच टेबलापाशी, भिंतीवरच्या या मोठ्या घड्याळाच्या साक्षीनं झाली होती. त्याला बारा-साडेबारा वर्षं झाली. दर शनिवारी घड्याळजी त्या घड्याळाला चावी द्यायला यायचे. एकदा ते असे स्टुलावर चढलेले असताना खाली शिंपी खिडक्यांच्या पडद्यांची मापं घेत होता. घड्याळजी त्या वेळी वैतागले होते. सहा भागांची एक अद्भुत मालिका आली होती, आणि एका सभासदाला एका वेळी एकच भाग मिळणार होता. सहा भाग संपेपर्यंत आपण संपू, असा त्यांचा हिशोब होता. त्यांनी वरूनच विचारलं, की काय हो, तुम्ही वाचता का. विचारलं तेही असं, की समोरच्याला नाही म्हणायची सोय राहू नये.

शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. “कोण, मी? अहो, डोळे बाहेर येईस्तोवर.”

मग घड्याळजींनी तिथल्या तिथे योजना ठरवली. विषम भाग मी वाचायचे, सम भाग तुम्ही. मी तुम्हाला पहिला सांगेन, तुम्ही मला दुसरा सांगा. एका आयुष्यात दोन माणसांचं वाचन. शिंप्यानं मान डोलावली आणि त्याच दिवशी सभासदत्वाच्या अर्जावर सही करून टाकली.

पुढची अकरा वर्षं दर शनिवारी, चावी देऊन झाली, की दोघं वाचनालयाच्या पायरीवर बसायचे. घड्याळजी आपला भाग सांगायचे तो पोस्टमन पत्र देतो तसा : कोण, कुठून, कुठे, किती वाजता. शिंपी ऐकताना एक शब्द बोलायचा नाही. पण पुढच्या शनिवारी त्याचा भाग सुरू झाला, की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा येऊन बसायची. निदान शिंपी तरी तसं सांगायचा. पहिल्या भागात घड्याळजींनी गंजून भंगारात पडलेला म्हणून सांगितलेला यंत्रमानव दुसऱ्या भागात उठून बसायचा आणि थंडी वाजते म्हणून स्वतःसाठी कोट बेतायचा. समुद्राखालच्या राणीच्या झग्याला साडेतीनशे काजं असायची, आणि त्यातलं एक चुकीच्या जागी पडलं म्हणून युद्ध व्हायचं. ड्रॅगन चिडायचे, रुसायचे, आणि मापं देताना पोट आत ओढायचे.

अडचण यायची ती तिसऱ्या भागात. घड्याळजी तो उघडायचे तर यंत्रमानव आपला भंगारात पडलेलाच.

“मास्तर, तो तर उठला होता ना?”

“ते पुढच्या भागात येतं,” शिंपी शांतपणे म्हणायचा.

आणि खरंच, चौथ्या भागात ते यायचं. चौथा भाग शिंप्याच्याच वाट्याचा असायचा.

घड्याळजी हा असा माणूस, की त्यांच्या शिंकेवर लोकांनी घड्याळं लावावीत. पण यात काही काळंबेरं असेल अशी शंका त्यांना आली नाही. त्यांनी दोष लेखकांना दिला. वहीत त्यांचे अभिप्राय आहेत. ‘या लेखकाला स्वतःचा दुसरा भाग तिसऱ्यात आठवत नाही.’ ‘लेखकाने टिपणे ठेवावीत.’ आणि एका ठिकाणी, फार खूश होऊन : ‘परदेशी विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना शिवणकामाची एवढी जाण असते हे माहीत नव्हते.’

शिंप्याचा अभिप्राय मात्र अकरा वर्षं एकच. प्रत्येक सम भागाच्या नोंदीपुढे एकच शब्द : ‘छान.’ घड्याळजी त्याला टोमणा मारायचे, की अहो, तोंडानं धबधबा आणि हातानं थेंब, असं कसं. शिंपी हसायचा. म्हणायचा, काटेराव, सगळं तिथंच लिहिलं तर पायरीवर काय सांगू?

काटेराव हे नाव त्यानंच ठेवलेलं. जगात दुसरं कोणी त्यांना तसं हाक मारत नव्हतं.

मग दीड वर्षापूर्वी गलबताची मालिका आली. ताऱ्यांमधून शिडांवर चालणारं लाकडी गलबत, ते ओढायला ड्रॅगन, आणि कप्तानाकडे दुर्बीण. लेखकानं कोणालाच नाही म्हटलेलं नव्हतं. वाचनालयात महिन्यातून एकदा वाचकांची बैठक भरायची, आणि त्या महिन्यात या मालिकेवर बोलायला घड्याळजींना उभं केलं. वीस-बावीस माणसं होती. घड्याळजींनी पहिला भाग सांगितला, दुसरा सांगितला, तिसरा सांगितला. चौथ्यापाशी आल्यावर त्यांचाही आवाज जरा रंगला. म्हातारा ड्रॅगन धूमकेतूत सापडून त्याचा पंख टराटरा फाटतो, आणि गलबतावरचा आचारी अकरा दिवस त्या पंखावर बसून आतल्या बाजूनं टाके घालतो, बाहेरून एकही दिसू नये असे. ड्रॅगन इतका मानी, की शेवटपर्यंत नुसतं खरचटलंय म्हणूनच सांगत राहतो—

“कुठल्या आवृत्तीत?” दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. ते पहिल्या रांगेत बसले होते आणि त्यांनी ही मालिका दोनदा वाचली होती. “चौथ्यात ड्रॅगन नवव्या पानावर मरतो. आणि गलबतावर आचारी नाहीच. ते लोक गोळ्या खातात.”

हशा पिकला. वाईट कोणाच्या मनात नव्हतं. पण बावीस माणसं एकदम हसली तर ज्याच्यावर हसली त्याला ते मोजता येत नाही. घड्याळजी खाली बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौथा भाग स्वतः नेला आणि दोन दिवसांत वाचला. पंख नव्हता, टाके नव्हते, आचारी नव्हता. मग मागचे नेले. समुद्राखालच्या राणीला काज नव्हतं. यंत्रमानवाला कोट नव्हता. शिंप्यानं सांगितलेलं त्याच्या वाट्याच्या एकाही पुस्तकात नव्हतं.

त्यांनी वही मागितली. चौथ्या भागापुढच्या ‘छान’खाली, रिकाम्या जागेत, बारीक नेटक्या अक्षरात त्यांनी अकरा ओळी लिहिल्या. या सभासदानं हे पुस्तक उघडलेलंही नाही. अकरा वर्षं हा गृहस्थ मला थापा ऐकवत आला आणि मी त्या खऱ्या मानून चारचौघांत हसं करून घेतलं. असं बरंच. शेवटची ओळ होती : ‘याच्या हाती कात्री शोभते, पुस्तक नव्हे.’

चार दिवसांनी ते पुन्हा गेले, तेव्हा त्या अकरा ओळींखाली शिंप्याच्या हातचा एक शब्द होता.

‘छान.’ आणि सही.

तेवढ्यानं संपलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. ही तर सरळ सरळ खिल्ली होती. पुढच्या शनिवारी घड्याळजींनी चावी दिली आणि पायरीवर न थांबता निघून गेले. शिंपी दोनदा त्यांच्या दुकानाशी आला. काचेवर बोटानं टकटक केलं. घड्याळजींनी डोळ्याचं भिंगही काढलं नाही. वेळ नाही, म्हणाले. तिसऱ्यांदा तो एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन आला. ते त्यांनी दुरुस्त केलं आणि शेजारच्या किराणा दुकानदाराकरवी परत पाठवलं.

आता ग्रंथपाल बाई सांगत होत्या, की पुस्तक आणून द्या.

शिंप्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीनवर चादर घातलेली होती. मोठं कापायचं टेबल मोकळं होतं, आणि त्यावर फक्त लोखंडी इस्त्री आणि कापडावर आखायच्या खडूंचा डबा. वहिनींनी त्यांना बसायला स्टूल दिलं. घड्याळजींनी वाटेत चार वाक्यं जुळवून आणली होती. त्यांतलं एकही आठवेना. वहिनींनीही ताणलं नाही. त्या आत गेल्या आणि अस्तराच्या कापडात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन आल्या.

“रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन बसायचे,” त्या म्हणाल्या. “उघडलं मात्र नाही. पाचवा कळल्याशिवाय सहावा कसा उघडू, म्हणायचे.”

पाचवा भाग विषम. तो घड्याळजींच्या वाट्याचा होता. दीड वर्षं तो वाचनालयाच्या कपाटात जागचा हलला नव्हता.

“भाऊजी, तुमचं वाचून दाखवणं बंद झालं, आणि या घरातली गोष्टच बंद झाली बघा.”

“माझं?”

“मग कोणाचं? दर शनिवारी घरी आले की सगळी गोष्ट मला सांगायचे. काटेरावांनी आज असं वाचलं, तसं वाचलं. मी म्हणायची, काय रंगवून वाचतो हो हा माणूस, दुकानात तर तोंड उघडत नाही.”

घड्याळजी पुस्तकावरच्या कापडाची घडी सारखी करत राहिले.

“ते स्वतः वाचायचे ना,” ते अखेर म्हणाले. “सम भाग.”

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि मग पदराच्या टोकाशी चाळा करत टेबलाला टेकल्या.

“त्यांना वाचता कुठं येत होतं, भाऊजी?”

बाहेर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

“सही तेवढी यायची,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही सभासद केलंत त्या दिवशी घरी आले, ते तोंड पाडूनच. म्हणाले, त्या वहीत काहीतरी लिहावं लागतं. मी चौथीपर्यंत शिकलेली. म्हटलं, असा शब्द शिका जो कुठल्याही पुस्तकाला चालेल. या टेबलावर, याच खडूनं. तीन दिवस लागले. एका साहेबांच्या पँटच्या अस्तरावर पाचसहा वेळा तसाच राहून गेला. ते साहेब अजून घालत असतील.”

त्या हसल्या. घड्याळजींनीही हसायचा प्रयत्न केला. पण त्यांचा अंगठा कापडावर एकाच जागी घासत होता.

“मग तुम्ही त्यांच्यावर एवढं मोठं लिहिलंत ना वहीत. अकरा ओळी. मोजून आले होते. त्या दिवशी गल्लीत एक माणूस सोडला नाही. काटेराव मोठमोठ्या लेखकांना चार ओळींच्या वर देत नाहीत, आणि मला अकरा.” वहिनींनी टेबलावरचा खडूचा डबा उघडला, बंद केला. “नंतर तुम्ही यायचे थांबलात. मी म्हटलं, काही बिनसलंय का, विचारा तरी. तर म्हणाले, नाही गं, एवढं चांगलं लिहून गेल्यावर माणसाला तोंड दाखवायची लाज वाटते. ओसरेल. आपल्याला काय घाई आहे.”

मग त्यांनी विचारलं, अगदी सहज, जसं कोणी नातवाचं पत्र वाचून घ्यावं तसं :

“काय लिहिलं होतंत हो भाऊजी? त्यांना ते तोंडपाठ करायचं होतं. तुम्हालाच विचारणार होते.”

घड्याळजींनी वर पाहिलं. सगळं आयुष्य त्यांनी लोकांना खरी वेळ सांगितली होती. मिनिटाचाही फरक कधी पडू दिला नव्हता.

“गोष्ट सांगावी तर मास्तरांनी,” ते म्हणाले. घसा खाकरला. “पुस्तकात नसतं तेवढं त्यांच्याकडे असतं. असं काहीसं.”

“अकरा ओळी हेच?”

“आणि टाके. टाके बाहेरून दिसत नाहीत, असं.”

वहिनींनी मान हलवली, दोनदा, आणि ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

वाचनालयात परत आले तेव्हा दुपारचे अडीच वाजत होते. वाचकांची वर्दळ नव्हती. घड्याळजींनी सहावा भाग टेबलावर ठेवला आणि जुनी वही मागितली. दीड वर्षापूर्वीची.

बाईंनी कोणती, असं विचारलं नाही. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. पान त्यांना लगेच सापडलं. वरचं ‘छान’ एरवीसारखं, घाईत उरकलेलं. मग त्यांच्या अकरा ओळी. आणि खालचं ‘छान’. ते त्यांनी दीड वर्षापूर्वी नीट पाहिलंच नव्हतं. ते जाड होतं. पेन दाबून, थांबत थांबत, एकेक रेघ दोनदा गिरवून काढलं होतं. खाली पट्टी लावून सरळ रेघ मारलेली होती, कापडावर मारतात तशी, दोन्ही टोकांना छोट्या आडव्या खुणा करून.

“त्यांनी मला विचारलं होतं,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्या उभ्याच होत्या. “म्हणाले, बाई, चष्मा घरी राहिला, काटेरावांनी माझ्या नावाखाली एवढं काय लिहिलंय ते जरा वाचा. त्यांच्याकडे चष्मा मी कधी पाहिला नव्हता. तेव्हाच कळलं मला.”

“मग?”

“मी म्हटलं, तुमचं कौतुक केलंय.” बाईंनी वहीचा कोपरा सरळ केला. “ते म्हणाले, पट्टी आहे का हो.”

घड्याळजींनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी जुनी वही मिटली आणि आजची पुढे ओढली. सभासदाच्या नावाच्या रकान्यात त्यांनी शिंप्याचं नाव घातलं. पुस्तकाच्या रकान्यात, गलबत, भाग सहावा. पुस्तक अजून अस्तराच्या कापडातच होतं. ते त्यांनी सोडलं नाही. टोपण दातांत धरलं आणि लिहायला लागले.

चार ओळी झाल्या, अकरा झाल्या, पान उलटलं. बाईंना उलट्या बाजूनं वाचता यायचं. त्या नोकरीत ते आपोआप येतं. लिहिलं होतं, की गलबताचं शीड शेवटच्या ताऱ्यापाशी फाटतं. कप्तान म्हणतो, आता परत जाणं नाही. तेव्हा खाली कोठीतून आचारी वर येतो, तोंडात टाचण्या धरून. तो म्हणतो, घाई काय आहे. सगळा दोरा संपतो, मग तो दाढीचा दोरा करतो, मग म्हाताऱ्या ड्रॅगनच्या मिशांचा. ड्रॅगन चौथ्या भागात मेला होता असं काही लोक म्हणतात, त्यांना दाढदुखी आहे. गलबत उशिरा का होईना, वळतं. बंदरावर एक माणूस उभा असतो. त्याच्याकडे घड्याळ असतं, आणि त्याला गलबत किती उशिरा आलं हे मिनिटापर्यंत माहीत असतं. तो आचाऱ्याला काहीच विचारत नाही. पायरीवर जरा सरकून बसतो.

घड्याळजींनी तारीख घातली. वेळ घातली नाही.

बाईंनी वही आपल्याकडे फिरवली आणि सुरुवातीपासून, सरळ बाजूनं, पुन्हा वाचली. मग पुस्तकावरचं कापड सोडलं.

“हे यात नाहीये,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मी वाचलंय हे.”

घड्याळजींनी पेनाला टोपण लावलं.

“ते पुढच्या भागात येतं.”

पुस्तकाच्या मलपृष्ठावर ठळक अक्षरांत छापलं होतं, की हा मालिकेचा अखेरचा भाग. बाईंनी पुस्तक फिरवलं, ती बाजू खाली येईल असं टेबलावर ठेवलं, आणि परतीचा शिक्का मारला.